मामांचा एल

पुण्याहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून मी सकाळी हिंगोलीत उतरलो, तर मामा स्टँडवर हजर. काखेत टर्किश टॉवेलात गुंडाळलेला टॅब.

"अकरा दिस झाले," मामा म्हणाले. "उघडंना."

मामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. तिकिटांची पेटी आणि पंच सांभाळण्यात उमर गेली. "त्या पेटीला कधी पासवर्ड लागला न्हाई," हे वाक्य घरी पोचेपर्यंत मी तीनदा ऐकलं. झालं होतं असं की दुकानातल्या पोरानं जुना फोन बदल्यात घेतला, त्यातले फोटो टॅबमध्ये टाकले, नवा जीमेल उघडून दिला आणि शेवटी म्हणाला, "काका, आता ह्या नऊ टिपक्यांवर बोट फिरवून कुलूप घाला." मामांनी काउंटरवर वाकून घातलं. "एल काढला. इंग्रजी एल. दोन येळा काढला. पोरगा म्हनला, झालं काका."

घरी आल्यापासून त्या एलनं टॅब उघडत नव्हता.

एल कशाचा, ही घरात वेगळीच भानगड होऊन बसली होती. मामींचं नाव लीला. त्या अकरा दिवस मनातून सुखावलेल्या. मामांनी मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात सांगितलं, "लालपरीचा." मामींनी ते ऐकलं. त्या दिवशी पहिला चहा मलाच करून घ्यावा लागला.

मी आपली हुशारी चालवून पाहिली. आडवा एल, उभा एल, लांब शेपटीचा एल. पाच चुकांनंतर टॅबनं अर्धा मिनिट थांबायला सांगितलं. नऊ टिपक्यांच्या कुलपाच्या एकूण ३,८९,११२ आकृत्या होतात. दर आकृतीला अर्धा मिनिट धरला तरी रात्रंदिवस १३५ दिवस, म्हणजे एक चातुर्मास पुरायचा नाही. शिवाय चुका वाढतील तसा हा थांबाही वाढत जातो. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग सुरू कर की."

बाजारातल्या दुसऱ्या एका दुकानी गेलो. हळदीची पोती उतरत होती, दुकानदाराच्या बोटांनाही पिवळी झाक. त्यानं टॅब उलटापालटा केला. "पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की सगळं पुसता येतं. पण मग हाच जुना जीमेल मागतो. चोरांसाठी केलंय ते."

"चोर म्या हाव का?" मामा.

"जीमेलचा पासवर्ड?"

तो त्या पोराकडे होता. पोरगा दुकान सोडून गेला होता, आणि मामांना त्याची एवढीच ओळख होती की त्याला दाढी होती. आतले फोटो बाहेर काढायला तर कुणाचीच विद्या चालत नाही. कुलूप उघडेपर्यंत ते गुप्त लिपीत असतात. मामी तेव्हा पहिल्यांदा हळवं बोलल्या. नातीच्या बारशाचे सगळे फोटो त्यात होते.

"औंढ्याच्या नागनाथाला जाऊ," त्या म्हणाल्या. विज्ञान संपलं की आमच्या घरात औंढा सुरू होतं.

एसटीत मामांनी कंडक्टरच्या पंचाकडे, म्हणजे आता हातातल्या मशीनकडे, जुन्या पैलवानाच्या नजरेनं पाहिलं. मामींना अर्धं तिकीट, मामांकडे पास. पूर्ण भाडं भरणारा गाडीत मी एकटाच असल्यासारखा वाटत होतो. वाटेत मी मामांना सांगत होतो, औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहून बारीक थरथर मोजणार. दोन भुजा काटकोनात.

"म्हंजे एलच की," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत गप्प झाले.

औंढ्याचा नागनाथ जमिनीखाली बसलाय. अरुंद पायऱ्यांनी वाकून, जवळजवळ बसून खाली उतरावं लागतं. मामांनी टॅब सोडायला नकार दिल्यानं ते अर्ध्यात अडकले आणि वरच्या भक्तांना बराच वेळ नामस्मरण घडलं. बाहेर आल्यावर मामींनी मला देवळामागचा नंदी दाखवला. संत नामदेव म्हणे दारात कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी तेवढा राहिला जिथल्या तिथं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर ह्यांनी पिंडीवर पाय ठेवले होते ते ह्याच गावात. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवत, तर तिथंही पिंड.

समोरच्या हॉटेलात चहा घेतला. मामांनी टॅब टेबलावर स्वतःपुढे नीट ठेवला, रुमालानं पुसला, एल काढला. चूक. पुन्हा काढला. चूक. पलीकडे बसलेल्या मामींचा संयम भज्यांच्या प्लेटीबरोबर संपला.

"साधा एल येईना तुम्हाला. सरका!" म्हणत त्यांनी टेबलावरून हात लांब करून, आपल्या बाजूनं, तेलकट बोटानं एल ओढला.

टॅब उघडला. पडद्यावर पाळणा, फुगे, आणि नात उलटी.

मामींनी देवळाकडे हात जोडले. नेमकं कुठल्या बाजूला तोंड करावं, हा प्रश्न औंढ्यात जरा अवघड असतो.

मला उमगायला आणखी एक कप चहा लागला. दुकानात टॅब काउंटरवर पोराकडे तोंड करून आडवा पडला होता. मामा ग्राहकाच्या बाजूला. त्यांनी स्वतःच्या बाजूनं शुद्ध एल काढला आणि टॅबनं आपल्या बाजूनं इमानेइतबारे इंग्रजी सात लिहून घेतला.

"म्हंजे माझा एल बरोबरच होता," मामा.

"आन् उघडला माझ्या हातानं," मामी. "लालपरीनं न्हाई."

घरी मी म्हटलं, आता कुलूप बदलून सरळ करून देतो. मामांनी टॅब छातीशी धरला. "राहू दे. चोराच्या बापाला सापडायचा न्हाई."

रात्री जेवणानंतर त्यांनी टॅब बाजेवर ठेवला, उठले, बाजेला वळसा घालून पलीकडे गेले, वाकून एल काढला, आणि परत फिरून आपल्या जागी येऊन बसले.