प्रकृतीसाठी एक ग्लास

पूर्वी पुण्यात बीअर प्यायची म्हणजे परमिट रूमच्या काळोखात, दाराकडे पाठ करून, खारे शेंगदाणे चघळत. चवीची चौकशी कुणी करत नसे. थंड आहे ना, एवढंच बाटलीला हात लावून पाहिलं जाई. 2009 साली इथल्याच एका हॉटेलात ‘डूलाली’ या मायक्रोब्रुअरीनं जागेवर बीअर बनवायला सुरुवात केली आणि या शहराला बीअरबद्दलही मतं असू लागली. तोवर तेवढा एकच विषय सुटला होता.

परवा एका बड्या हॉटेलच्या बारमध्ये खास उन्हाळ्यासाठी केलेली हलकी क्राफ्ट बीअर चाखायचा योग आला. बाहेर चाळीस अंश. आत एसी असा की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओढणी कानावरून घेतलेली. म्हणजे उन्हाळ्याची बीअर द्यायची, पण आधी उन्हाळा काढून घ्यायचा.

“सर, बेल्जियन विट आहे,” वेटर म्हणाला. “गव्हाची. कोरिअंडर सीड्स आणि ऑरेंज पील घातलंय.”

धणे आणि संत्र्याची साल! उष्णता झाली की आई रात्री धणे भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी समोर धरायची. आम्ही नाक मुरडून पळायचो. आता तेच धणे बेल्जियमला जाऊन आलेत म्हटल्यावर मी ग्लास दोन्ही हातांनी घेतला.

बीअर मात्र खरोखर छान होती, हे कबूल करायला हवं. कच्चा गहू आणि न गाळलेलं यीस्ट यामुळे रंग गढूळ. (नळाला असं पाणी आलं तर आमची सोसायटी नगरसेवकाच्या दारात मोर्चा नेते.) मद्यार्क पाचेक टक्के, कडवटपणा नावापुरता. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बीअर 1950च्या दशकात बंद पडली होती. पुढच्या दशकात ती पुन्हा सुरू केली पिएर सेलिस यांनी, आणि हे गृहस्थ आधी घरोघर दूध घालायचे. आपल्याकडच्या दूधवाल्यांनी नुसत्या पाण्यावर समाधान मानलं.

“काही नोट्स जाणवतायत का, सर?” वेटरनं विचारलं. बीअर हलकी असली की बोलणं जड होतं. समोरच्या टेबलावरचा एक तरुण डोळे मिटून ‘सिट्रस, थोडी लवंग’ असं पुटपुटत होता. त्याच्या ग्लासातला फेस तोवर बसून गेला होता.

मला मात्र आठवण झाली ती दारू पिण्याच्या परवान्याची. महाराष्ट्रात दारूबंदीचा 1949चा कायदा अजून जिवंत आहे. सौम्य बीअरला वयाची 21 वर्षं पुरेत, कडक दारूला 25 लागतात. पण प्यायला परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. आणि अर्जात लिहून द्यायचं की प्रकृतीच्या रक्षणासाठी मला दारूची गरज आहे. आई धण्यांबद्दल हेच सांगायची. फक्त तिचा शिक्का नव्हता.

या न्यायानं वर्धा आणि गडचिरोलीकरांची प्रकृती उपजतच ठणठणीत असणार, कारण तिथं दारूबंदी आहे. चंद्रपूरकर 2015 ते 2021 असे निरोगी राहिले, मग सरकारला त्यांची काळजी वाटू लागली.

मी वेटरकडे एका दिवसाचा परवाना मागितला. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं आधी मी कुठल्या खात्यातून आलोय याचा अंदाज घेतला, मग कुठून तरी एक पुस्तक शोधून आणलं.

“नाव, सर?”

नाव सांगितलं, वय सांगितलं, पाच रुपये देऊ केले. सुटे नसल्यानं ते बिलात धरले गेले. अख्ख्या बिलात किंमत समजली अशी ती एकच ओळ. सही करताना मॅनेजर अदबीनं म्हणाला, “सर, दुसरा ग्लास?”

प्रकृतीला अजून म्हणावा तसा उतार नव्हता. आण म्हटलं.