झेड ड्राइव्ह कुणाचा?

मार्च संपत आला की इंदुरातल्या हिशेबाच्या कार्यालयांत एकच मेल फिरतो. 'फाईल झेड ड्राइव्हवर टाकली आहे, बघून घ्या.' पाठवणारा मोकळा.

घेणारा अडकला.

झेड म्हणजे काय? सर्व्हरवरच्या एका फोल्डरला तुमच्या संगणकावर दिलेलं अक्षर. शेजारच्या टेबलावर तेच फोल्डर वाय असेल किंवा झेडवर भलतंच काही असेल. राजवाड्यासमोर रिक्षात बसायचं आणि फक्त 'घरी चला' म्हणायचं, तसं हे. रिक्षावाल्याने कुणाचं घर शोधायचं?

खरा पत्ता निराळा. दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, मग फोल्डरचं. तो ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना सारखाच लागतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' टाइप करा. कुठल्या अक्षरामागे कुठला पत्ता, ते समोर येतं. हे अर्ध्या मिनिटाचं काम टाळून चौघांचा अर्धा तास खायचा हक्क कुणी दिला?

पत्ता बरोबर दिला तरी दुसरा खड्डा आहेच.

डॉसच्या काळात फाईलचं नाव आठ अक्षरांचं आणि मागे तीन अक्षरांचं शेपूट. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि लांबलचक नावं, मधे मोकळ्या जागा, सगळं खुलं झालं. आपण लगेच 'ताळेबंद फायनल नवीन सुधारित' अशी नावं ठेवू लागलो. असा पत्ता आउटलुकमध्ये नुसता टाइप केला की निळी रेघ पहिल्या मोकळ्या जागेपाशी तुटते. पुढचे शब्द काळेच राहतात. सहकारी निळ्यावर क्लिक करतो, संगणक म्हणतो सापडत नाही, आणि फोन येतो: 'भिया, खुल नी री!'

पत्ता टोकदार कंसांत घातला असता तर लिंक अखंड राहिली असती. नाहीतर नावात मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ द्या. त्यात कठीण काय आहे?

'त्यापेक्षा अटॅचमेंट पाठवतो ना!' हे उत्तर ठरलेलं. जीमेल २५ एमबीला हात वर करतं, पण अडचण आकाराची नाही. पाच जणांना पाठवली की पाच प्रती झाल्या. एकाने घसारा बदलला, दुसऱ्याने जीएसटीचा आकडा, तिसऱ्याने काहीच नाही.

सही नेमकी कुठल्या प्रतीवर?

म्हणून लिंकच हवी. फाईल एका जागी, प्रत एकच. पण ती ज्याला पाठवली त्याला उघडता आली पाहिजे. आतलं नेटवर्क घरून दिसत नाही, त्याला व्हीपीएन लागतं. सुपर कॉरिडॉरवर नोकरी आणि राऊच्या घरून काम, अशांना हा अडथळा रोजचा. गूगल ड्राइव्हची लिंक असेल तर 'ॲक्सेस मागा' असा पडदा येतो, आणि परवानगी देणारा नेमका त्याच दिवशी रजेवर.

या कटकटीला कंटाळून जो 'लिंक असेल त्या कुणालाही' हा पर्याय निवडतो, तो सगळ्यांत घातक. पगारपत्रकाची अशी लिंक एकदा फॉरवर्ड झाली की ती कुठे पोचली हे विचारणार कुणाला?

आता घेणाऱ्याची बाजू. दोन तिरक्या रेघांच्या पत्त्यामागे आपला सर्व्हर असेलच असं नाही. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधली एक भेग बुजवली. स्मरणसूचनेच्या आवाजाच्या जागी कुणी परक्या सर्व्हरचा पत्ता घातला, की संगणक आपणहून तिकडे जायचा आणि पासवर्डचा हॅश त्याच्या हाती द्यायचा.

क्लिकचीही गरज नव्हती!

ही भेग बुजली, पण परक्या पत्त्यावर स्वतःहून क्लिक करणाऱ्याला कोण वाचवणार? म्हणून लिंकसोबत दोन ओळी लिहायलाच हव्यात: फाईल कुठली, कुठल्या सर्व्हरवर, तिचं काय करायचं. नुसतं 'लिंक बघा' लिहिलेला मेल तुमचा की एखाद्या भामट्याचा, हे समोरच्याने कशावरून ओळखायचं?