चिमूटभर वजाबाकी

वजन अंगावर येतं तेव्हा फार सभ्यपणे येतं. पंगतीतल्या आग्रहाची एक जिलबी, अंधेरी स्टेशनबाहेर गाडी चुकवून उभ्यानं खाल्लेला वडापाव, रविवारची संध्याकाळपर्यंत लांबलेली दुपार, असं थोडंथोडं सामान आणत ते वर्षानुवर्षं आपल्यात बिऱ्हाड थाटतं. त्याला घालवायचं ठरलं की आपण मात्र चतुरंग सेना घेऊन निघतो. नवे बूट, नवी बाटली, सोमवारचा मुहूर्त. हळूहळू आलेला पाहुणा हळूहळूच जाईल, हे सुचायला वय व्हावं लागतं.

त्यातून मराठी घराला व्रताची हौस उपजत. सात-आठ वर्षांपूर्वी तर घराघरांत दोन पंथच पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडंथोडं खा, घरचं खा, तुपाला भिऊ नका. आमचे काका दीक्षितपंथी, काकू दिवेकरपंथी. दुपारी चारला काकू गूळ-शेंगदाण्याची वाटी घेऊन बसल्या, की काका भिंतीवरच्या घड्याळाकडे असे पाहत, जणू वैकुंठाचं दार त्यातूनच उघडणार आहे. दोघांचं वजन किती उतरलं ते कळलं नाही. संसारातला संवाद मात्र वाढला.

मला कुठलीच दीक्षा पेलवणारी नव्हती. मी चहातली साखर कपामागे चमचाभर कमी केली, इतकंच. एवढ्याशा त्यागाचं घरात कुणी कौतुक करत नाही. त्याला उद्यापनही नसतं. पण चमचाभर साखर म्हणजे साधारण 4 ग्रॅम, 16 कॅलरी. दिवसाचे चार चहा धरले तर 64, आणि वर्षाकाठी 23 हजारांच्या वर. किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे कागदावर वर्षाला तीन किलो गेले! शरीर कागदाचं नसतं. कमी मिळू लागलं की तेही काटकसर शिकतं आणि आपली वजाबाकी थोडी खोडून ठेवतं. तरी चिमूट चिमूटच राहते, वाया जात नाही. सुरुवातीला तो चहा सरकारी परिपत्रकासारखा कोरडा लागला. मग हळूच त्यातून आलं बोलू लागलं, मागून वेलची. इतकी वर्षं ती दोघं साखरेच्या गोंगाटात गप्प बसून होती.

बाकीचं काम अंधेरीनं केलं. 2014 साली मेट्रो आली आणि सरकते जिने आले. एरवी धावती लोकल पकडणारा मुंबईकर त्या जिन्यापाशी मात्र शांतपणे रांग लावतो, आणि शेजारचा साधा जिना देवळाच्या मागच्या दारासारखा मोकळा असतो. मी त्या मोकळ्या जिन्याचा झालो. पुढे धीर चेपल्यावर गिल्बर्ट हिल. साडेसहा कोटी वर्षांहून जुना, सुमारे 200 फुटांचा बेसॉल्टचा सुळका, माथ्यावर गावदेवी. भोवतालचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला. 2007 साली त्याला वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा कुठे त्याची झीज थांबवायची ठरली. इतकं बारीक होऊनही ताठ उभं असलेलं अंधेरीत दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. आधी आधी मी वळणावर धाप लपवायला थांबे आणि देखावा पाहिल्याचं सोंग करी. आता धाप लागत नाही, पण सोंगाची सवय लागलीय. खालचं शहर खरंच पाहण्यासारखं आहे.

लहानपणी फलाटावर वजनाचं यंत्र असे. नाणं टाकलं की रंगीत दिवे लुकलुकत, आत चक्र फिरे आणि पुठ्ठ्याचं इवलंसं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसरीकडे भविष्य. वडील आधी भविष्य वाचत; ते बहुधा उजळच असे. माणसाला आकडा सांगायचा तर त्याच्या पाठीवर थोडा दिलासा छापावा लागतो, हे त्या यंत्राला ठाऊक होतं. आताचे काचेचे काटे दशांशापर्यंत खरं बोलतात आणि तिथेच थांबतात.

पाठीवरचा दिलासा आता माणसांकडूनच घ्यावा लागतो, आणि तोही उलटाच मिळतो. परवा आत्याकडे गेलो. पँट सैल झाली म्हणून मी मनातून खुशीत, तर तिनं दारातच माझा दंड चाचपला. "काय रे, वाळलास? बरं नाही का? सून जेवायला घालते ना?" चमचाचमचा, पायरीपायरीनं कमावलेलं सगळं तिच्या लेखी आजारपण ठरलं. तिनं आणखी एक पुरणपोळी तव्यावर टाकली, वर तुपाची धार. मी अर्धीच मागितली. तिनं अर्धी वाढली, आणि उरलेली अर्धी स्वतःच्या पानात ठेवून माझी आधीची संपायची वाट पाहत बसली. या वजाबाकीत आत्याचा हातचा धरायचा असतो, एवढी अट मी मान्य केली आहे.