गोळी बाहेरून, पाय आतून

मधुमेही बंधू-भगिनींनो, तुमची चूक एवढीच की तुम्ही सरकारी रुग्णालयात फार लवकर येता. साखर नुसती वाढलेली, मूत्रपिंडं शाबूत, दोन्ही पाय जागच्या जागी. अशा धडधाकट माणसाने ओपीडीच्या रांगेत उभं राहून शासनाला का छळावं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. डॉक्टर मेटफॉर्मिन लिहून देतात, तुम्ही औषधांच्या खिडकीशी जाता. आतला माणूस चिठ्ठीवर एका नावाभोवती गोल काढतो आणि वर न बघता म्हणतो, "हे संपलंय, बाहेरून घ्या." मोफत असतं तेच नेमकं संपतं, त्याला शासन काय करणार? मग रोजंदारीवरचा माणूस गोळी एक दिवसाआड घेऊ लागतो.

त्याने असाच काही वर्षं दम धरावा. नसा बधिर होतील, टाचेची जखम कळणार नाही, ती चिघळेल, बोटं काळी पडतील. आता बघा शासनाची लगबग! महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंतचं कवच, कागद गोळा करायला आरोग्यमित्र. पाय कापायला पैसे आहेत, डायलिसिसला आहेत. रोजच्या गोळीला मात्र ही योजना नाही, कारण तुम्ही भरती कुठे झालात? शिवाय डायलिसिस केंद्राची फीत कापता येते. मेटफॉर्मिनच्या पाकिटाला फीत बांधणार कशी?

हे शहाणपण आपल्याच मालकीचं नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा मधुमेहावर वर्षाला सुमारे १० अब्ज पौंड घालवते आणि त्यातला मोठा वाटा गुंतागुंती निस्तरण्यात जातो. पण तिथे निदान २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आहे. आपल्याकडे साखरेला कोण दुखावणार? साखर कारखान्याच्या कर्जाला सरकार हमी देतं. गोळीला कोणी हमीदार नाही. तिला ना संचालक मंडळ, ना मतदारसंघ.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींवर आहेत आणि उंबरठ्यावर आणखी १३ कोटींहून जास्त. हे सगळे पाय कापण्याच्या दराने परवडणार नाहीत, एवढा हिशेब मंत्रालयातल्या कुणालाही जमावा. तोवर खिडकीवर "संपलंय" ऐकलंत, तर ते केसपेपरवर लिहून मागा. तारीख आणि शिक्क्यासकट.