स्टेमसेलवाल्या डॉक्टरसाहेबांना अनावृत पत्र

परमपूज्य डॉक्टरसाहेब,


मुंबईचा व्याप सोडून आपण आमच्या रायपूरला आलात, हॉटेलात ऑटिझमचं मोफत शिबिर भरवलंत. तात्यापाऱ्यातल्या आम्हा मराठी माणसांचं केवढं भाग्य!

लेकाची फाइल आपण दोन मिनिटांत चाळलीत आणि म्हणालात, “स्टेमसेल दिल्या की बोलेल.” सहा वर्षांत मी त्याच्या तोंडून ‘आई’ ऐकलं नव्हतं. त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. तेवढ्यासाठी विशेष आभार.

उपचारासाठी बांगड्या मोडल्याचं मनाला लावून घेऊ नका, कपाटात नुसत्या पडून होत्या. गीतांजलीनं आम्ही मुंबई गाठली. आपण त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढलीत, मणक्यात सुई घालून पेशी सोडल्यात. कुठं दुखतंय ते त्याला सांगता येत नाही. असा बिनतक्रार पेशंट लाभणं हेही आपलं पुण्यच.

आपला विनय तर काय वर्णावा! रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ मध्येच बजावलंय. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं सांगितलं, ऑटिझमवर हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, त्याची जाहिरात म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. शिबिरात यातलं अवाक्षर काढलं नाहीत. उगाच आमच्या जिवाला घोर नको म्हणून ना?

अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ बिचारं अडाणी. १८० मुलांवर चाचणी केली. काहींना स्टेमसेल असलेलं नाळेतलं रक्त, काहींना नुसतं दिखाऊ औषध. सामाजिक वागण्यात लक्षणीय फरक दिसला नाही, तर २०२० मध्ये तसंच छापून मोकळे झाले! आपला सल्ला घ्यायला हवा होता.

सहा महिन्यांनी लेक तहान लागली की पेल्याकडे बोट दाखवू लागला. आपण लगेच व्हिडिओ मागवलात. पण ते सहा महिने स्पीच थेरपीच्या बाई रोज संध्याकाळी पेल्याचं चित्र घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसत होत्या. एकच शब्द, शंभर वेळा. आपल्या व्हिडिओत त्या कुठेच नाहीत. यश आपलं, आणि दुसऱ्या सुईची तारीखही आपणच काढलीत. ती मात्र आम्ही घेतली नाही.

आपण पुन्हा येताय म्हणे. स्वागताला हॉटेलच्या दाराशी मी उभी असेन, आयोगाच्या २०२२ च्या त्या कागदाच्या प्रती घेऊन. लेकराला घेऊन येणाऱ्या आईबापांनो, हात जोडते, आत जाण्याआधी तेवढा कागद वाचा.

आपली ऋणी,
एक आई, रायपूर