हॉलमधला बागायतदार

भीमेच्या काठाला ऊस चांगला येतो आणि ऊस दोन वर्षं चांगला आला की बंगला येतो. बंगल्यात पीओपी येतं, पीओपीखाली एल आकाराचा सोफा येतो आणि सोफ्याच्या टोकाला एक कोपरा मोकळा राहतो. तिथं झाड ठेवायचं ठरलं की नानांची एन्ट्री. वडगाव रासाईपासून मांडवगण फराट्यापर्यंत अशा प्रत्येक बंगल्याला एक नाना असतोच. कारखान्याचा सभासद, कपाळाला बुक्का, खिशात मोटारीच्या स्टार्टरची किल्ली आणि झाडाझुडपातलं आपल्याला कुणी शिकवू नये असा चेहरा.

खरं तर खिडकी उघडली तर ऊस हाताला लागेल. पण ती उघडायची कधी? दिवसा धूळ, तिन्हीसांजेला डास आणि रात्री बिबट्या. म्हणून काचा बंद, पडदे ओढलेले आणि हिरवळ विकत आणायची.

सूनबाईंना मोबाइलवर पाहिलेलं फिडल लीफ फिग हवं असतं. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, पान सुपाएवढं. शनिवारी हिंजवडीहून येणारा मुलगा स्नेक प्लांटचा आग्रह धरतो, कारण ते हवा शुद्ध करतं, नासानंच सांगितलंय. इथं कृषी महाविद्यालयातली पुतणी मध्ये पडते. नासाचा १९८९ चा तो प्रयोग बंद पेटीतला होता, आणि २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी हिशेब मांडला की खिडकीतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. नाना मनातल्या मनात गुणाकार करतात.

"म्हणजे कमीत कमी धरली तरी एकरी ४० हजार रोपं! एवढा दाट ऊस तरी लावतं का कुणी? त्यापेक्षा खिडकी उघडा."

खिडकी अर्थातच कुणी उघडत नाही.

आजींची अट एकच असते: घरात चिकाचं झाड नको. रबर प्लांट, फायकस आणि सूनबाईंचं फिडल लीफ अशी तिन्ही झाडं तिथंच बाद, कारण तिन्ही वडाच्याच भावकीतली. आजी वर म्हणतात, "आणा की. वटपौर्णिमेला सोफ्यालाच दोरा गुंडाळू."

मग न्हावऱ्याच्या रस्त्यानं भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रोड धरायचा आणि पुण्याच्या अंगाला सोरतापवाडी गाठायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. इथं नानांना बघावं. बाकीची गिऱ्हाइकं झाडाआधी कुंडीचा रंग बघतात. नाना पिशवी आडवी करतात, तळाच्या भोकातून डोकावणारी मुळी दोन बोटांत धरून दाबतात. पांढरी, टणक असेल तर पसंत. काळी, मऊ लागली की पिशवी बाजूला. "रोप किती महिन्यांचं? फुटवे किती? बेणं कुठलं?" नर्सरीवाला पोऱ्या गांगरतो. ह्या बाबतीत मात्र मी नानांच्या बाजूचा आहे. झाड मुळाकडून बघणारा माणूस शहरात हजारात एक सापडायचा नाही.

अखेर नाना अरेका पामपाशी थबकतात. मादागास्करचं झाड, पण एका गड्ड्यातून आठ-दहा पिवळसर कांड्या, पेरापेराला वलयं, वर लांब पानांचा झुपका. नानांचा चेहरा खुलतो. चीक नाही म्हणून आजी खूश, 'लुक' आहे म्हणून सूनबाई खूश. नाना खूश का, हे फक्त पुतणीच्या लक्षात येतं: पंधरा एकर उसात राहणाऱ्या माणसानं हॉलसाठी ऊसच पसंत केलेला असतो.

"मामा, आठवड्यातनं दोनदाच पाणी," पोऱ्या बजावतो. नाना हसतात. पाटपाण्यात हयात गेलेल्या माणसाला पाणी शिकवतो!

ट्रॅक्टर घेतला तेव्हा झाला तसा रासाईदेवीला नारळ होतो आणि पाम हॉलमध्ये विराजमान होतो. कुंडी पांढरी, चिनी मातीची, तळाला भोक नसलेली. भोक पाडलं तर टाइल्स खराब होतात. थ्री-फेज रात्री दोनला आली की नाना मोटार चालू करायला उठतात आणि परतताना पामाला तांब्याभर पाणी घालतात. आपण जागे असताना लेकरू उपाशी का ठेवायचं? रविवारी मूठभर युरिया. वाफसा आल्याशिवाय उसाच्या रानात पाय न टाकणारा हा माणूस! मुळांना ओलीइतकीच हवाही लागते हे त्याला पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त कळतं. पण तेवढं कळणं चपलांबरोबर दारातच राहतं.

महिन्याभरात पानांची टोकं करपतात. नाना म्हणतात, "पालाश कमी पडलं." पालाश पडतं. मग बुडाला वास सुटतो. पाम जातो, दुसरा येतो, तोही जातो. नाना खचत नाहीत. "हॉलची जमीनच चोपण आहे," असं निदान करून ते शेजारच्या नव्या बंगल्यात सल्ला द्यायला जातात. तिथं चहा होतो आणि त्यांचा शब्द मानला जातो.

तुमच्याकडेही नाना असतील तर झाड आणण्याआधी दुपारी बाराला दिवे न लावता त्या कोपऱ्यात पेपर वाचून बघा. अक्षर लागत नसेल तर तिथं झाड नको, स्टूल ठेवा. अक्षर लागलं तर भोकाची कुंडी घ्या, खाली ताटली द्या आणि दोन पेरं बोट मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी घाला. आणि युरियाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली आजींच्या कनवटीला द्या.