बढती गावाकडची

लष्करात म्हातारपण हुद्द्यावर ठरतं. कर्नल ५४ व्या वर्षी निवृत्तीला येतो, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल थेट साठीला. बढती मिळाली की आयुष्यात दोन वर्षांची तरुणाई वाढते. असा च्यवनप्राश अजून कुठल्या वैद्याला जमलेला नाही.

अधिकाऱ्याला वरचं दार उघडेपर्यंत कॅलेंडरच चालवत नेतं: कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६, लेफ्टनंट कर्नल १३. पुढे निवड मंडळ बसतं आणि बरेच जण तिथंच बसतात. मग २६ वर्षं भरली की 'टाइम स्केल' कर्नल. खांद्यावर हुद्दा येतो, हाताखाली पलटण येत नाही.

शिपाई मात्र चाळिशीच्या आसपासच पेटी बांधतो. डोंगर चढणारा लवकर थकला म्हणायचं, आणि नकाशावर बोट ठेवणारा साठीपर्यंत ताजातवाना! पण सातारा-कोल्हापूरकडं सरकारचं बढतीचं धोरण चालत नाही. एसटीतून ट्रंक उतरली की कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला 'मेजर' करून टाकतात. ना बोर्ड, ना गोपनीय अहवाल.

आता २०२२ च्या अग्निपथ योजनेतले अग्निवीर ४ वर्षांनी परतू लागतील. शंभरातले फार तर २५ आत राहणार, बाकीच्यांना पेन्शन नाही. गावकऱ्यांनो, पंचविशीतल्या त्या पोरांनाही मेजरच म्हणा. तेवढं तरी आपल्या हातात आहे.